रिक्त कोनाडा आणि प्रकाशाचा झोत

अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात चार आभा सांगितल्या आहेत : चन्दाभा, सूरियाभा, अग्गाभा आणि पञ्ञाभा. चंद्र, सूर्य आणि अग्नी यांच्या आभेने बाह्य वस्तू दिसतात. प्रज्ञेच्या आभेने त्या वस्तूंचे स्वरूप दिसते, म्हणून तथागतांनी चौथ्या आभेला अग्रस्थान दिले. विजेच्या दिव्याचा समावेश आपल्याला अग्गाभेतच करावा लागेल. परंतु गेल्या शतकात या अग्गाभेला एक नवे रूप प्राप्त झाले आहे. लक्षावधी माणसांना एकाच क्षणी एकाच दिशेला पाहावयास लावणारा, आधी आखलेला आणि यंत्राच्या साहाय्याने क्षणाक्षणाला बदलणारा असा हा प्रकाश आहे. भव्य संगीतसभा, राष्ट्रीय सोहळे, ऐतिहासिक स्थळांवरील ध्वनिप्रकाश कार्यक्रम, आणि आता आपल्या गावोगावच्या जयंती-मिरवणुका, सर्वत्र त्याचा संचार आहे.

या प्रकाशयोजनेविषयी जे लिहिले जाते ते बहुधा मोजदादीचे असते. दिवे किती, लेझरयंत्रे किती, माणसे किती जमली, खर्च किती झाला, एवढ्यावर लेखणी थांबते. दिव्यांची आणि डोक्यांची मोजदाद म्हणजे समीक्षा नव्हे. नाटकातील प्रकाशयोजनेने कोणता अर्थ उजळला असे आपण विचारतो. तोच प्रश्न या भव्य प्रयोगांनाही विचारला पाहिजे. हा प्रश्न विचारण्यासाठी पालि वाङ्मयातून आणि बौद्ध इतिहासातून काही कसोट्या हाती लागतात, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. त्या लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

या कलेचे साधन

प्रथम साधनाचे स्वरूप समजून घेणे इष्ट. सामान्य दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो. लेझरचा झोत मात्र दूरवर गेला तरी जवळजवळ समांतर राहतो. थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने १९६० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत पहिले लेझर यंत्र चालवून दाखविले. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १९७३ मध्ये, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत संगीताच्या साथीने लेझरचे नियमित प्रयोग सुरू झाले. १९८१ साली संगणकाच्या आज्ञेने फिरणारे व रंग बदलणारे दिवे संगीतसभेत आले. १९८६ मध्ये ‘डीएमएक्स ५१२’ ही संकेतप्रणाली निश्चित झाली आणि एकाच तारेतून ५१२ निरनिराळ्या आज्ञा दिव्यांकडे धाडता येऊ लागल्या. आज प्रकाशयोजनाकार एका मेजाशी बसून शेकडो दिवे वाद्यवृंदाप्रमाणे चालवू शकतो, याचे मूळ येथे आहे.

लेझरने आकाशात किंवा पडद्यावर आकृती काढली जाते तेव्हा प्रत्यक्षात तेथे एकच ठिपका असतो. दोन लहान आरसे अतिशय वेगाने हलतात, एक आडव्या व एक उभ्या दिशेने, आणि तो ठिपका इतक्या झपाट्याने धावतो की डोळ्याला अखंड रेषेचा भास होतो. जळते कोलीत फिरविले असता दिसणारे वर्तुळ, ज्याला आपल्या दार्शनिकांनी अलातचक्र म्हटले, तेच हे तत्त्व. रात्रीच्या पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच काय, हा मिलिंदपञ्हातील प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो. दुसरी गोष्ट अशी, की स्वच्छ हवेतून जाणारा लेझरचा झोत बाजूने दिसत नाही. म्हणून प्रयोगापूर्वी मंचावर मुद्दाम धूर किंवा धुके सोडावे लागते. आपण ज्याला झोत म्हणतो ते वस्तुतः झोतात सापडलेले कण असतात. ज्या कलेचे साधनच क्षणिकतेवर आणि परस्परावलंबनावर उभे आहे, ती कला अनित्यतेविषयी काही सांगू शकेल अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

दृश्याविषयी दोन साक्षी

बौद्ध परंपरा दृश्यांच्या बाबतीत कठोर आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो निराधार नाही. उपोसथाच्या अष्टशीलात नृत्य, गीत, वादन यांच्याबरोबर ‘विसूकदस्सन’ वर्ज्य सांगितले आहे. अट्ठकथेने ‘विसूक’ शब्दाचा अर्थ शासनाला प्रतिकूल असे दृश्य, असा लावला आहे. संयुत्तनिकायाच्या गामणिसंयुत्तात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा आहे. रंगभूमीवर खऱ्याखोट्याने लोकांना हसविणारा नट मृत्यूनंतर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, असे जुने नट सांगत आले. भगवंतांचे मत काय, असे तो विचारतो. भगवंत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते सांगतात, की प्रेक्षक आधीच राग, द्वेष व मोह यांनी बांधलेले असतात. नट त्यांच्यापुढे त्याच बंधनांना खतपाणी घालणाऱ्या गोष्टी मांडतो. स्वतः प्रमत्त असलेला तो इतरांना प्रमत्त करतो, म्हणून त्याची गती देवलोकाची नाही. तालपुट रडतो. भगवंतांच्या वचनामुळे आपण रडत नाही, पिढ्यानपिढ्यांच्या नटाचार्यांनी आपली फसवणूक केली म्हणून रडतो, असे तो सांगतो. पुढे तो प्रव्रजित होऊन अर्हत होतो, आणि थेरगाथेचा संपूर्ण पञ्ञासनिपात त्याच्या एकट्याच्या गाथांचा आहे. रंगभूमी सोडलेल्या या नटाची वाणी संघाने जपून ठेवली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

येथे कलेला दोष दिलेला नाही, प्रमादाला दिला आहे. दृश्य बांधलेल्या माणसाला अधिक बांधते की त्याला जागे करते, ही तालपुटसुत्ताची कसोटी होय.

दुसरी साक्ष सम्राट अशोकाची. गिरनार येथील पहिल्या शिलालेखात तो ‘समाज’, म्हणजे उत्सवी मेळावे, भरवू नयेत असे सांगतो. त्यांत बहुत दोष दिसतात असे त्याचे कारण आहे. पण तेथेच, काही समाज आपणास मान्य आहेत, अशी पुस्तीही तो जोडतो. चौथ्या शिलालेखात तर आपण प्रजेला विमाने, हत्ती आणि ‘अगिखंध’, म्हणजे अग्नीचे लोळ, यांची दृश्ये दाखविली असे तो अभिमानाने नोंदवितो. युद्धाच्या भेरीघोषाचा धम्मघोष झाला, असे सांगणारा हाच लेख आहे. म्हणजे धम्मासाठी जनसमुदायापुढे प्रकाशदृश्य उभे करण्याचा प्रयोग भारतात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात होऊन गेला आहे. भव्य दृश्य स्वभावतः त्याज्य नाही. ते कशाच्या जागी उभे केले, हा प्रश्न महत्त्वाचा. अशोकाने ते भेरीच्या जागी उभे केले.

माणसे लपविणारा प्रकाश

या दोन कसोट्यांवर पहिले उदाहरण घ्यावे ते न्यूरेंबर्गचे. १९३० च्या दशकात जर्मनीतील नाझी पक्षाच्या मेळाव्यांसाठी वास्तुविशारद अल्बर्ट श्पेअर याने विमानविरोधी सर्चलाइट सुमारे बारा मीटर अंतराने मैदानाभोवती उभे केले व त्यांचे झोत सरळ आकाशात सोडले. आपल्या आठवणींत तो दिव्यांची संख्या १३० सांगतो. ‘प्रकाशाचे मंदिर’ म्हणून ते दृश्य प्रसिद्ध झाले. केवळ शिल्प म्हणून पाहिले तर ते अपूर्व होते, हे नाकारता येणार नाही.

परंतु या योजनेचा उगम श्पेअरने स्वतःच सांगितला आहे, आणि तो फार बोलका आहे. पक्षाच्या मधल्या फळीतील अधिकारी पदांवर बसून सुटलेल्या पोटांचे झाले होते. त्यांना शिस्तीत संचलन करता येईना. म्हणून त्यांना अंधारात चालवावे आणि प्रकाश आकाशात न्यावा, अशी युक्ती त्याने काढली. सैन्याच्या राखीव सर्चलाइटांपैकी बहुतेक सगळे त्यात गुंतले म्हणून गोअरिंगने कुरकुर केली. तेव्हा हिटलरने, परदेशांना वाटेल की आपल्यापाशी असे दिवे उदंड आहेत, असे म्हणून परवानगी दिली. म्हणजे त्या प्रकाशाने दोन गोष्टी साधल्या. माणसांचे खरे रूप झाकले आणि खऱ्या बळापेक्षा अधिक बळ भासविले. मैदानात उभ्या असलेल्या लाखोंपैकी एकाचाही चेहरा त्या प्रकाशात नव्हता. विसूकदस्सनाचे याहून शुद्ध उदाहरण आधुनिक इतिहासात क्वचितच मिळेल. आजही एखाद्या सोहळ्यात सर्व झोत आकाशाकडे आणि सर्व माणसे अंधारात दिसली, की येथे काय झाकले जात आहे, असा प्रश्न समीक्षकाने विचारला पाहिजे.

ह्यूस्टन : एका अनुपस्थिताची सभा

दुसरे उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यातले. फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जार याने ५ एप्रिल १९८६ रोजी ह्यूस्टन शहराच्या मध्यवस्तीतील गगनचुंबी इमारतींनाच रंगमंच केले. इमारतींच्या दर्शनी भागांवर महाकाय चित्रे प्रक्षेपित झाली, आतषबाजी झाली, लेझरचे झोत शहरावरून फिरले. उपस्थिती दहा लाखांहून अधिक मानली जाते. महामार्गावर लोकांनी जागच्या जागी मोटारी थांबविल्या आणि रस्ता बंद करावा लागला. जार याच्या प्रयोगांत ‘लेझर हार्प’ नावाचे वाद्य असते. पंख्याप्रमाणे उभ्या असलेल्या प्रकाशझोतांपैकी एखादा हाताने अडविला की त्याचा स्वर वाजतो. प्रकाश अडविल्याने ध्वनी निर्माण होतो, ही कल्पना मोठी काव्यात्म आहे.

पण या सभेचे मर्म दिव्यांत नाही. तिच्या पाठीशी रोनाल्ड मॅकनेर नावाच्या माणसाचे जीवन आहे, आणि आपल्या वाचकांनी ते अवश्य जाणून घ्यावे. दक्षिण कॅरोलायनातील लेक सिटी या लहान गावी १९५० मध्ये एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, तो गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तके घेण्यासाठी गेला. ग्रंथालय गोऱ्यांसाठी होते. ग्रंथपाल बाईंनी पुस्तके नाकारली आणि पोलिसांना बोलाविण्याची धमकी दिली. मुलगा मेजावर चढून बसला व थांबेन म्हणाला. पोलीस आले, आई आली, आणि अखेर पुस्तके घेऊनच तो बाहेर पडला. ज्यांच्या पूर्वजांनी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांना या प्रसंगाचे भाष्य सांगण्याची गरज नाही. पुढे याच मुलाने १९७६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली, आणि त्याचा विषय होता लेझर. ज्या ह्यूज प्रयोगशाळेत पहिले लेझर प्रज्वलित झाले, तेथेच त्याने काही काळ संशोधन केले. १९८४ मध्ये तो अंतराळात गेला आणि तेथे त्याने सॅक्सोफोन वाजविला.

दुसऱ्या सफरीत त्याने यानातूनच सॅक्सोफोनची एक रचना वाजवून ध्वनिमुद्रित करावी, असे जार व त्याच्यात ठरले होते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झाले. मॅकनेरसह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. ह्यूस्टन हे अंतराळवीरांचे शहर. तेथील सभा रद्द करण्याचा विचार झाला. पण ती झाली, आणि मृतांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. मॅकनेरसाठी योजिलेली रचना दुसऱ्या वादकाने वाजविली. तिला त्याचेच नाव देण्यात आले.

समीक्षक म्हणून येथे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. या प्रयोगाचा बराचसा भाग डोळे दिपविणारा आहे. तेलउद्योगाच्या शहरातील धनाढ्य कंपन्यांच्या इमारती उजळून निघतात आणि उजळलेल्या इमारतींचेच कौतुक होते. त्या भागाला तालपुटसुत्ताच्या कसोटीवर फार गुण देता येणार नाहीत. परंतु एका वादकाची जागा रिकामी राहिली, आणि ती भरून न काढता तिच्याभोवती शहर उभे राहिले, तेथे या प्रयोगाची उंची वाढते. त्या रात्री शहरावर फिरलेले झोत ज्या विद्येतून निर्माण झाले, तीच विद्या ग्रंथालयाने नाकारलेल्या त्या मुलाने आत्मसात केली होती. संयोजकांच्या मनात हा संबंध कितपत होता, हा प्रश्न गौण आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक झाला, की हिरवा झोत केवळ हिरवा झोत राहत नाही. दृश्याला ज्ञानाची जोड मिळाली म्हणजे अग्गाभा पञ्ञाभेच्या दिशेने वळते, ती अशी.

बामियान : कोनाडा भरावा की पाहावा

आता ज्या स्थळाशी आपले नाते अधिक निकटचे आहे तेथे जाऊ. अफगाणिस्तानातील बामियान खोऱ्यात कड्यात कोरलेल्या दोन उभ्या बुद्धमूर्ती होत्या. धाकटी ३८ मीटर उंचीची, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. थोरली ५५ मीटर उंचीची, सातव्या शतकाच्या आरंभीची. कड्याच्या दगडात स्थूल आकार कोरून त्यावर माती व तुसाचा गिलावा देऊन चीवराच्या चुण्या घडविल्या होत्या. म्युनिक येथील संशोधकांनी अवशेषांचा अभ्यास करून दाखविले, की या मूर्ती मुळात रंगीत होत्या. चीवराचा आतील भाग निळा होता. कालांतराने पुन्हा रंग चढविले गेले तेव्हा थोरली मूर्ती लाल व धाकटी पांढरी झाली. स्थानिक हजारा लोक, जे मुसलमान आहेत आणि ज्यांनी स्वतः मोठा छळ सोसला आहे, त्यांना सलसाल व शाहमामा म्हणत. मार्च २००१ मध्ये तालिबानने स्फोटके लावून त्या नष्ट केल्या. उरले ते दोन रिक्त कोनाडे.

या कोनाड्यांत प्रकाशाने काय करावे, याची तीन उत्तरे आजवर पुढे आली. पहिले उत्तर हिरो यामागाता या जपानी वंशाच्या कलावंताचे. २००५ मध्ये त्याने जाहीर केलेल्या योजनेत सौर व पवन ऊर्जेवर चालणाऱ्या १४ लेझर यंत्रणा होत्या. सतत रंग बदलणाऱ्या, चेहरा नसलेल्या अनेक बुद्धाकृती त्या यंत्रणा कड्यावर उमटविणार होत्या. ती योजना सिद्धीस गेली नाही. दुसरे उत्तर २०१५ च्या जून महिन्यातील. झांग शिन्यू व लियांग हाँग या चिनी दांपत्याने स्वखर्चाने प्रक्षेपक आणून कोनाड्यात बुद्धमूर्तीची त्रिमितीय प्रकाशप्रतिमा उभी केली. पाहणारे सुमारे दीडशे स्थानिक लोक होते. तिसरे उत्तर मार्च २०२१ मधले. विध्वंसाला वीस वर्षे झाली त्या निमित्ताने बामियानच्या लोकांनी कंदिलांची मिरवणूक काढली आणि सलसालची प्रकाशप्रतिमा त्याच्या जागी पुन्हा उभी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तालिबानची सत्ता परत आली.

यांपैकी यामागाताची कल्पना कागदावर सर्वांत भव्य होती, आणि माझ्या मते सर्वांत दुबळी. हताशेच्या जागी रोषणाई आणणे हा तिचा उद्देश असेल, पण रोज रात्री रंग पालटणाऱ्या आकृतींनी तो कडा एक महाकाय पडदा झाला असता. विध्वंसाची जखम झाकली गेली असती. आकृतीला चेहरा नाही, रंग ठरलेला नाही, संख्येला बंधन नाही. मग ती बुद्धाची का असावी, याचे उत्तर त्या योजनेत सापडत नाही.

२०१५ चा प्रयोग आकाराने लहान होता. एक कोनाडा, एक प्रतिमा, मोजके प्रेक्षक. प्रतिमा उमटली, कोनाड्याच्या मापात बसली, आणि दिवा बंद होताच कोनाडा पुन्हा रिकामा झाला. पाहणाऱ्यांना एकाच रात्री मूर्ती होती हेही दिसले आणि मूर्ती नाही हेही दिसले. खडकावर ना खिळा ठोकला गेला, ना चुना चढला. या प्रयोगाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. २०१९ च्या सुमारास आलेल्या वृत्तांनुसार, मागे ठेवलेला तो प्रक्षेपक क्वचितच चालविला जाई, कारण गावाला पुरेशी वीज नव्हती आणि जनित्र चालविणे परवडत नव्हते. ज्या वस्तीत घरातल्या दिव्याची भ्रांत आहे तेथे कोनाड्यातील दिव्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न कलेच्या बाहेरचा म्हणून सोडून देता येत नाही. या दृष्टीने २०२१ ची रात्र मला अधिक मोलाची वाटते. त्या रात्री प्रक्षेपकाच्या प्रतिमेपुढे लोकांच्या हातांत स्वतःचे कंदील होते. वरच्या प्रकाशाने मूर्ती दिसली, खालच्या प्रकाशाने माणसांचे चेहरे दिसले. न्यूरेंबर्गच्या नेमके उलटे असे हे दृश्य होय.

२०११ मध्ये युनेस्कोच्या तज्ज्ञांनी थोरली मूर्ती पुन्हा न उभारता तिचा कोनाडा घडलेल्या घटनेची साक्ष म्हणून तसाच राखावा, अशी शिफारस केली. बौद्ध कलेच्या अभ्यासकाला ही भूमिका परकी वाटणार नाही. भरहूत व सांची येथील शिल्पांत बुद्धजीवनातील प्रसंगी रिक्त आसन, बोधिवृक्ष, पदचिन्हे व चक्र कोरलेली आहेत. त्यांचा अर्थ कसा लावावा याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु पाहणाऱ्याची नजर त्या आसनावर खिळते आणि न दाखविलेले मनाने पूर्ण करावे लागते, एवढे निश्चित. रिकाम्या जागेचा मान राखणे ही आपल्या कलेची जुनी रीत आहे. प्रकाशानेही ती रीत सोडू नये.

दिवा मालविण्याची कला

न्यूयॉर्क येथे ११ सप्टेंबर २००१ रोजी कोसळलेल्या दोन मनोऱ्यांच्या स्मरणार्थ ११ मार्च २००२ पासून दोन प्रकाशस्तंभ उभे केले जातात. ७००० वॅटचे ८८ झेनॉन दिवे दोन चौकोनांत मांडलेले असतात. साधन जवळपास श्पेअरचेच, पण येथे प्रकाशाने बळ भासविले जात नाही. जे नाही त्याचे माप तेवढे दाखविले जाते. सप्टेंबर हा तेथील पक्ष्यांच्या स्थलांतराचा काळ. झोतांत सापडलेले पक्षी गोल गोल फिरत राहतात व थकतात. सात रात्रींच्या निरीक्षणांवर आधारलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुमारे अकरा लाख पक्ष्यांवर या झोतांचा परिणाम झाल्याचा अंदाज देण्यात आला. म्हणून तेथे निरीक्षक बसतात, आणि झोतात हजाराहून अधिक पक्षी अडकले की सुमारे वीस मिनिटे दिवे बंद ठेवले जातात. ती वीस मिनिटे त्या संपूर्ण योजनेतील सर्वोत्तम भाग आहे, असे मी म्हणेन. स्मरणासाठी पेटविलेला दिवा करुणेसाठी मालविता आला पाहिजे.

पक्ष्यांची ही गोष्ट माणसांच्या डोळ्यांनाही लागू आहे. डोळ्याचे भिंग समांतर येणारा लेझरचा झोत दृष्टिपटलावर एका सूक्ष्म बिंदूत एकवटते. पापणी मिटावयास सुमारे पाव सेकंद लागतो. शक्तिशाली झोत त्याआधीच इजा करून जातो. अशा इजा झाल्यावर दृष्टी पूर्ववत होईलच असे नाही. म्हणूनच अमेरिकेतील नियमांत प्रेक्षक उभे राहतात त्या पातळीपासून झोत निदान तीन मीटर उंच असावेत असे बंधन आहे, आणि झोत प्रेक्षकांवर फिरवावयाचा तर विशेष परवानगी लागते. जुलै २००८ मध्ये रशियातील किर्झाच गावाजवळच्या एका खुल्या संगीतमहोत्सवात झोत माणसांच्या दिशेने आले, आणि सुमारे ३० जणांच्या दृष्टीला इजा झाली. महाराष्ट्रातही २०२३ च्या गणेशविसर्जन मिरवणुकांनंतर दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण नेत्रतज्ज्ञांकडे आले. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. हे प्रकार फक्त एका समाजाच्या उत्सवापुरते आहेत, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकांतही मालमोटारीवर बांधलेली तीच यंत्रे, तेच झोत, तेच तरुण डोळे आहेत. ज्या महामानवाने आपल्या लोकांना वाचावयास शिकविले, त्यांच्या जयंतीत एका मुलाचीही दृष्टी अधू होता कामा नये. येथे कलेचा प्रश्न संपतो आणि पहिल्या शीलाचा सुरू होतो.

भिंतीवरील वर्तुळ

विसुद्धिमग्गाच्या पाचव्या परिच्छेदात भदन्त बुद्धघोषांनी आलोककसिणाचा विधी सांगितला आहे. भिंतीच्या फटीतून किंवा दाट पानांतून येणाऱ्या सूर्याच्या अथवा चंद्राच्या प्रकाशाचे वर्तुळ पाहून साधकाने चित्त एकाग्र करावे. तसे वर्तुळ मिळाले नाही तर घड्यात दिवा लावावा, तोंड बंद करावे, घड्याला छिद्र पाडावे आणि ते भिंतीकडे करून ठेवावे. छिद्रातून निघालेला प्रकाश भिंतीवर वर्तुळ उमटवितो आणि ते दीर्घ काळ टिकते. पाचव्या शतकातील हा प्रक्षेपकच म्हणावयाचा. त्यात रंग नाहीत, गती नाही, धूर नाही, गर्दी नाही. साधक त्या वर्तुळाकडे पाहतो आणि हळूहळू आपले चित्त पाहू लागतो.

भव्य मैदानातील प्रयोग आलोककसिण होऊ शकत नाही, आणि त्याने तसे व्हावे असा आग्रहही नाही. अशोकाच्या अगिखंधांनाही त्यांची जागा होती. परंतु आपल्या विहारांचे, स्मारकांचे आणि मेळाव्यांचे संयोजक उद्या प्रकाशयोजना ठरवावयास बसतील तेव्हा त्यांनी घड्यातील दिव्याची आठवण ठेवावी. वक्त्याचा चेहरा आणि शिलालेखाची अक्षरे दिसतील एवढा प्रकाश प्रथम द्यावा. झोत माणसांच्या डोक्यांवरून जावेत, डोळ्यांत नव्हे. लोकांच्या हातांतील मेणबत्त्या दिसाव्यात एवढा अंधार राखावा. आणि कार्यक्रमात निदान काही मिनिटे सर्व यंत्रे बंद ठेवून, जे आता आपल्यात नाहीत त्यांची जागा तशीच रिकामी दिसू द्यावी. याला खर्च काहीच नाही. संयोजकांनी ती मिनिटे कार्यक्रमपत्रिकेत आधी लिहून मात्र ठेवली पाहिजेत.